सहीपूर्वीचे शिक्षण

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथील रयतेने सावकारांच्या घरांवर चाल केली, तेव्हा तिचा रोख धनधान्यापेक्षा कर्जखतांवर अधिक होता. कारण ज्या कागदांच्या बळावर जमिनी हातच्या चालल्या होत्या, ते कागद त्यांवर अंगठा उठवणाऱ्यांपैकी बहुतेकांना वाचताच येत नव्हते. पुढे 1879 चा कायदा करून शेतकऱ्याचा दस्तऐवज गावनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिला जावा, अशी तजवीज सरकारने केली. आज मात्र वाचता येणारा, किंबहुना पदवी घेतलेला तरुण मोबाइलवरील कर्जाच्या अटी न वाचता त्याच अंगठ्याने संमती देऊन मोकळा होतो, आणि त्याच्याजवळ कोणी निबंधक बसलेला नसतो.

ही उणीव भरून काढावी म्हणून अलीकडे कंपन्यांचे कर्मचारी व अन्य स्वयंसेवक महाविद्यालयांत अर्थसाक्षरतेचे आणि नोकरीपूर्व तयारीचे वर्ग घेतात, हे स्तुत्यच होय. परंतु म्युच्युअल फंडातील मासिक गुंतवणुकीची महती, मुलाखतीतील हस्तांदोलनाची रीत आणि समारोपाचे छायाचित्र यांतच जर त्या वर्गांचा वेळ खर्ची पडणार असेल, तर ज्याच्या खिशात महिनाअखेर काही शिल्लकच राहत नाही अशा मुलाला तीस वर्षांनंतरच्या कोटींचा आकडा दाखवून आपण त्याचे कोणते हित साधतो, हे मला कळत नाही.

त्याची पहिली गाठ पडते ती बहुधा कर्जाशी. 60,000 रुपयांचे कर्ज, मुदत एक वर्ष, व्याज ‘फ्लॅट’ 12 टक्के, हप्ता 5,600 रुपये, एवढे वाचून दर बाराच आहे असे त्याला वाटते. वस्तुतः प्रत्येक हप्त्यागणिक मुद्दल फिटत असताही व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण 60,000 वरच आकारले जात असल्यामुळे, घटत्या शिलकेवर हिशेब मांडला असता तोच दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो. हे गणित फळ्यावर विद्यार्थ्यांकडूनच सोडवून घ्यावे, आणि मोबाइलवरून मिळणाऱ्या कर्जाचा वार्षिक एकूण दर ज्यात नमूद करणे रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये बंधनकारक केले, ते तथ्यपत्रक त्यांच्याच हातांनी उघडायला लावून त्यांच्याकडून वाचून घ्यावे.

जामीनकीचे प्रकरण तर याहून नाजूक आहे. मित्राच्या भिडेखातर सही करणाऱ्यास ती केवळ ओळखपाळख वाटते. 1872 च्या करार कायद्याचे कलम 128 मात्र, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामिनाची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच मानते. थोड्या कमिशनपोटी आपले बँक खाते परक्याच्या रकमेसाठी वापरू देणाऱ्या मुलालाही फसवणुकीच्या पैशाचा माग काढीत पोलीस आपल्याच दारी येतात, ही कल्पना नसते.

नोकरीच्या तयारीचाही आरंभ कागदापासूनच व्हावा. नेमणूकपत्रात कोणत्या अटी आहेत, नोकरी सोडताना किती दिवसांची सूचना द्यावयाची, पगारातून भविष्यनिर्वाह निधीसाठी कापलेले 12 टक्के खात्यावर खरोखर जमा होतात की नाहीत, हे ज्याला पाहता येते त्याला टायची गाठ उशिरा आली तरी चालेल. नोकरी देण्यापूर्वी अनामत मागणाऱ्या किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणाऱ्या इसमापुढे नम्रपणे पण ठामपणे ‘नाही’ म्हणण्याचा सरावही वर्गातच करवून घेतला पाहिजे.

हे शिकवण्यास तज्ज्ञ वक्ते नकोत. ज्यांनी हयातभर कर्जाचे अर्ज तपासले, थकबाकीदारांना नोटिसा धाडल्या आणि सह्या करून पस्तावलेले जामीनदार समोर बसलेले पाहिले, असे निवृत्त बँक कर्मचारी आणि पतपेढ्यांतील वसुली अधिकारी प्रत्येक तालुक्याच्या गावी आहेत. अट एकच, की शिकवणाऱ्याच्या पिशवीत विम्याचे वा फंडाचे अर्ज नसावेत. विद्यार्थ्यांच्या विश्वासावर आपली विक्री साधणारा शिक्षक मला उघड दलालापेक्षा अधिक घातक वाटतो.

तेव्हा अशा निवृत्तांनी जूनमध्ये जवळच्या महाविद्यालयाच्या प्राचार्यांना जाऊन भेटावे, आणि प्राचार्यांनी त्यांना व्याख्यानासाठी सभागृह देण्याऐवजी वेळापत्रकात आठवड्याचा एक तास द्यावा.