चाकू नाही, चमत्कारही नाही

मेंदूत गाठ निघाली की नालासोपारा-विरारच्या वस्त्यांत दोनच सल्ले मिळतात : "डोकं फोडतील, जाऊ नका" किंवा "किरण मारले की गाठ गायब". दोन्ही ऐकीव.

'गॅमा नाइफ'मध्ये चाकू नसतो. कातडी बधिर करून डोक्याला चार स्क्रूंनी चौकट बसवतात. मग कोबाल्टचे सुमारे २०० बारीक किरण गाठीवर एकवटतात. रुग्ण जागा असतो. बहुधा त्याच किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतो. मात्र गाठ साधारण तीन सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल तर बहुतेकदा शस्त्रक्रियाच लागते.

गाठ लगेच जात नाही. अनेकदा तिची वाढ थांबणे हेच यश. रक्तवाहिन्यांचा गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षे लागतात, तोवर रक्तस्रावाचा धोका राहतो. "बरं वाटतंय" म्हणून पुढचा एमआरआय चुकवू नका.

माहीमच्या हिंदुजा रुग्णालयात हे यंत्र १९९७ मध्ये आले. पैशाअभावी मागे फिरू नका. धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत, १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात अर्ज करा. ही खैरात नव्हे, हक्क आहे.

तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टी तपासून घ्यायला सांगितले. डॉक्टरांसमोरही तोच बाणा ठेवा : विचारा, समजून घ्या, मगच सही करा.

जय भीम!