वास येतो, म्हणून केंद्रच नको?

‘सांडपाणी प्रक्रिया केंद्र हवे, पण आमच्या सोसायटीशेजारी नको,’ हा सूर प्रत्येक वाढत्या शहरात ऐकू येतो. पुण्यात मुळा-मुठेच्या खोऱ्यात ‘जायका’ प्रकल्पातून ११ केंद्रांची योजना आली. म्हणजे असे शेजारी वाढणारच. त्यांची तक्रार खरी आहे. मागणी मात्र बदलायला हवी.

हा वास मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडचा. मैलापाण्यातला प्राणवायू संपला की जिवाणू हा वायू तयार करतात. हवेच्या एक अब्ज भागांत त्याचे मोजके भाग असले तरी नाकाला कळते. जिवावर बेतणारी पातळी याच्या हजारो पट वर असते आणि तिथे नाक बधिर होते. मॅनहोलमध्ये उतरलेल्या कामगारांचा घात होतो तो त्यामुळेच. कुंपणाबाहेरच्या मोकळ्या हवेत सहसा ती वेळ येत नाही.

पण विषबाधा होत नाही म्हणजे त्रास नाही, असे नव्हे. सततच्या दुर्गंधीने डोके दुखते, मळमळते, झोप मोडते. दमेकऱ्यांचा त्रास वाढू शकतो. ‘सवय होईल’ हे अधिकाऱ्यांचे उत्तर आरोग्याच्या दृष्टीने चुकीचे आहे.

उपाय अवघड नाहीत. वास सर्वाधिक सुटतो तो मैलापाणी आत येते त्या टाकीतून आणि साठलेल्या गाळातून. या जागा झाकून तिथली हवा जैवगाळणीतून सोडता येते. हवा नीट खेळवलेल्या टाकीला ओल्या मातीसारखा वास असतो. रोज दुर्गंधी येत असेल, तर ब्लोअर बंद आहेत, गाळ उचललेला नाही किंवा पाणी क्षमतेहून जास्त येत आहे, अशी शंका घ्यावी.

केंद्रच नाकारले तर? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील शहरांत रोज सुमारे ७२ हजार दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होते. प्रक्रिया होते जेमतेम २० हजारांवर. उरलेले नाल्या-नद्यांत जाते. पुण्याचे पाणी भीमेतून उजनीत पोहोचते आणि उजनीचे पाणी सोलापूर पिते.

म्हणून रहिवाशांनी केंद्र हटवण्याऐवजी तीन गोष्टी मागाव्यात: टाक्यांवर झाकणे, कुंपणाजवळच्या वायूची रोजची नोंद फाटकावर आणि गाळ उचलण्याचे जाहीर वेळापत्रक. महापालिकेने त्या निविदेतच घालाव्यात.