उंबरठ्याआतला छळ

१५ जून हा ज्येष्ठांच्या छळाविरुद्ध जागृतीचा जागतिक दिवस. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साठी ओलांडलेल्या दर सहा जणांपैकी एकाला वर्षभरात कोणता ना कोणता छळ सोसावा लागतो. तक्रार मात्र फार थोड्यांची पुढे येते. छळणारा बहुधा घरचाच असतो आणि पोटच्या पोराविरुद्ध तोंड उघडायला आईबाप धजत नाहीत. म्हणूनच छळ ओळखण्याचे काम भोवतालच्यांनी उचलले पाहिजे. चुकणारी औषधे, न पटणारी कारणे सांगून झाकलेले वळ, दुसऱ्याच्या ताब्यात गेलेले पेन्शनचे पासबुक, मुलगा समोर येताच गप्प होणारी आई, या खुणा शेजाऱ्याला, डॉक्टरांना, बँकेतल्या कर्मचाऱ्याला दिसतात.

‘घरची भांडणे चव्हाट्यावर कशाला?’ असे विचारले जाते. पण मारहाण, उपासमार, लुबाडणूक ही भांडणे नव्हेत. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणारे थकतात, हेही खरे. त्यांना मदत मिळालीच पाहिजे, पण थकवा हा क्रौर्याचा परवाना नाही. कायद्याने घरे मोडतात म्हणावे, तर ज्येष्ठांच्या निर्वाहाचा २००७चा कायदा आधी समेटाची वाट देतो, मग निर्वाहभत्त्याची. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता अट मोडल्यास परत मिळवण्याचीही त्यात सोय आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, १४५६७ ही हेल्पलाइन आहे. त्याआधी मात्र कुणीतरी या ज्येष्ठांना एकांतात, मायेने विचारायला हवे : तुम्ही बरे आहात ना?