विश्वस्त कोणाला म्हणावे?

व्यापारी घरांत ‘विश्वस्त’ हा शब्द सहसा पेढीच्या बाहेर वापरला जातो. मंदिराचे विश्वस्त, पांजरापोळाचे विश्वस्त, विद्यार्थी-वसतिगृहाचे विश्वस्त. दुकानाच्या गादीवर बसणारा मात्र मालक असतो. संस्थेच्या सभेत जो गृहस्थ पै-पैचा हिशेब मागतो, त्याच्याच पेढीवर त्याला तसा हिशेब कोणी मागू शकत नाही, आणि यात काही विसंगती आहे असे फारसे कोणाला वाटत नाही. महात्मा गांधींना ती जाणवली होती. विश्वस्तवृत्तीचा त्यांचा विचार आज सर्वांना तोंडपाठ आहे. पण तो विचार समोर बसून प्रश्न विचारणाऱ्यांनी किती कसून तपासला, हे सहसा सांगितले जात नाही.

विचाराचा उगम दक्षिण आफ्रिकेतला. गीतेतील अपरिग्रहाचा अर्थ लावताना वकील गांधींना स्नेल या इंग्रज ग्रंथकाराचे समन्यायाच्या कायद्यावरील पुस्तक आठवले, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. विश्वस्ताच्या ताब्यात मोठी संपत्ती असते, पण तिच्यातील एक कवडीही तो आपली मानत नाही. मुमुक्षूने असेच वागावे, असा बोध त्यांनी घेतला. परिग्रह-परिमाण व्रताचे संस्कार ज्या घरांत आहेत, तेथे ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही. मात्र येथवर तो एका साधकाचा स्वतःपुरता नियम होता. दुसऱ्याच्या गिरणीला आणि तिसऱ्याच्या मजुरीला तो कसा लागू करायचा, हा प्रश्न पुढचा.

तो प्रश्न १९१८ मध्ये अहमदाबादेत उभा राहिला, आणि तोही एका जैन गिरणीमालकाच्या संदर्भात. आश्रमात अस्पृश्य कुटुंबाला घेतल्यामुळे देणग्या आटल्या होत्या, तेव्हा एक शेठ मोटारीतून आले आणि १३,००० रुपयांच्या नोटा ठेवून निघून गेले. गांधींनी त्यांचे नाव लिहिले नाही. ते अंबालाल साराभाई होते, असे मानले जाते. त्याच अंबालाल शेठजींच्या विरोधात संपकऱ्यांच्या बाजूने गांधी उभे राहिले. शेठजींच्या भगिनी अनसूयाबेनही मजुरांच्याच बाजूला होत्या. मजुरांची मागणी ३५ टक्के वाढीची, मालकांची तयारी २० टक्क्यांची. मालकांचे म्हणणे असे की, मजुरांशी आमचे नाते आईबाप आणि लेकरांचे आहे, त्यात तिसऱ्याने का पडावे? गांधींच्या तीन दिवसांच्या उपवासानंतर तडजोड झाली, लवाद नेमला गेला आणि आनंदशंकर ध्रुव यांनी अखेर ३५ टक्क्यांचाच निवाडा दिला. आपल्या उपवासाने मालकांवर दडपण आले, याची बोच गांधींना राहिली आणि ती त्यांनी लपवली नाही. पण या प्रकरणातून एक गोष्ट उघड झाली. उदार हाताने देणगी देणे आणि मजुराचा न्याय्य वाटा मान्य करणे ही एकच गोष्ट नव्हे.

खरी उलटतपासणी झाली ती नोव्हेंबर १९३४ मध्ये, वर्ध्याला. प्रश्न विचारणारे होते कलकत्त्याचे मानवशास्त्रज्ञ निर्मलकुमार बोस. पुढे नोआखालीच्या यात्रेत ते गांधींचे सहायक होते. बोस यांचे प्रश्न भक्ताचे नव्हते. अहिंसा आणि खासगी मालकी यांचा मेळ बसत नाही असे आपण म्हणता, मग ती चालू का देता, असे त्यांनी विचारले. जे कमावतात, पण कमाई लोकांसाठी आपणहून वापरायला तयार नसतात, त्यांना दिलेली ती एक सवलत आहे, असे उत्तर मिळाले. ‘सवलत’ हा शब्द व्यापाऱ्याने थांबून वाचावा असा आहे. बोस यांनी पुढचे पाऊल टाकले: मग मालकी सरकारचीच का नसावी? खासगी मालकीपेक्षा ती बरी, हे गांधींनी मान्य केले. पण सरकार म्हणजे एकवटलेली, संघटित हिंसा; माणसाला आत्मा असतो, सरकार हे आत्मा नसलेले यंत्र आहे. म्हणून त्यांची पसंती विश्वस्तवृत्तीला. आणि श्रीमंतांनी ती स्वीकारलीच नाही तर? तर कमीत कमी बळ वापरून सरकारने ती मालमत्ता ताब्यात घ्यावी. प्रत्येक हितसंबंधाची छाननी व्हावी आणि गरज पडल्यास, प्रसंगानुसार भरपाई देऊन किंवा न देता, तो जप्त करावा, हे आपण गोलमेज परिषदेतही सांगितले होते, याची त्यांनी आठवण दिली.

विश्वस्तवृत्तीचा दाखला देणाऱ्या भाषणांत हा उत्तरार्ध क्वचितच ऐकू येतो.

जून १९४२ मध्ये सेवाग्रामला आठवडाभर राहिलेले अमेरिकन पत्रकार लुई फिशर हे तर अधिकच थेट बोलणारे. अनेक वर्षे सोव्हिएत रशियात राहून आलेले असल्याने त्यांना ठोस उत्तरे हवी होती. स्वातंत्र्यानंतर जमिनीचे काय होईल? शेतकरी ती घेतील, असे गांधी म्हणाले. जमीनदारांना भरपाई? पैशाच्या दृष्टीने ते अशक्य आहे. मग फिशर यांनी नाजूक जागी बोट ठेवले: काँग्रेसचा खर्च किती प्रमाणात धनिकांच्या पैशावर चालतो? जवळजवळ सगळाच, हे गांधींनी आढेवेढे न घेता कबूल केले. अशा मदतीमुळे एक अबोल ऋण निर्माण होते, हेही ते म्हणाले. ज्यांच्या देणग्यांवर आपली संघटना उभी आहे, त्यांच्याविषयीच्या अवघड प्रश्नाला इतके सरळ उत्तर देणारे नेते विरळा.

या साऱ्या प्रश्नोत्तरांतून विचाराला आकार येत गेला. मालकाने संपत्ती सांभाळावी, वाढवावी, पण आपल्या सेवेचे कमिशन तेवढे घ्यावे; त्याचा दर समाजाला झालेल्या उपयोगाच्या प्रमाणात ठरावा. मुलांना कारभार मिळेल, पण त्यांनी लायकी सिद्ध केली तरच. पेढीच्या भागीदारीपत्रात नातवाचे नाव घालताना हा निकष कोण लावतो?

शेवटी हे सारे कागदावर आणण्याचा प्रयत्न झाला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक मो. ला. दांतवाला यांनी केलेला मसुदा किशोरलाल मशरूवाला आणि नरहरी परीख यांच्यामार्फत गांधींपुढे गेला. मशरूवाला अकोल्याच्या व्यापारी घराण्यातले, वकिली केलेले. शब्दांचे वजन जाणणारे. गांधींनी मोजके फेरफार केले. एका पानात मावेल एवढाच हा मसुदा आहे. भांडवलशाहीला तो थारा देत नाही, मात्र मालकवर्गाला स्वतःत सुधारणा करण्याची संधी देतो. समाजाने स्वतःच्या हितासाठी मान्य केली असेल तेवढीच खासगी मालकी तो मानतो. मालकी आणि संपत्तीचा वापर यांवर कायद्याचे नियमन असायला त्याची हरकत नाही. काय पिकवावे आणि काय बनवावे, हे कोणाच्या हव्यासाने नव्हे, तर समाजाच्या गरजेने ठरावे. आणि सर्वांत टोकदार कलम उत्पन्नाचे: जगण्यापुरते किमान वेतन जसे ठरवायचे, तशीच उत्पन्नाची कमाल मर्यादाही ठरवायची, दोहोंतील अंतर वाजवी असावे आणि काळानुसार ते मिटत जावे.

हा मसुदा २५ ऑक्टोबर १९५२ च्या ‘हरिजन’मध्ये छापून आला. तेव्हा गांधी नव्हते. मशरूवालाही त्याच्या आदल्या महिन्यात निवर्तले होते. ‘वाजवी अंतर’ म्हणजे किती पट, हा आकडा मात्र मसुद्यात नाही.

आज मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. २०१३ च्या कंपनी कायद्यातील ही तरतूद विश्वस्तवृत्तीचा वारसा म्हणून वाखाणली जाते. तिच्यातून चांगली कामेही होतात. पण बोस आणि फिशर यांचे प्रश्न दोन टक्क्यांविषयी नव्हते; ते उरलेल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांविषयी होते. मसुद्यातील त्या कलमाच्या जवळ जाणारी तरतूद याच कायद्यात दुसरीकडे, कलम १९७ मध्ये, आहे आणि तिची चर्चा फारशी होत नाही. शेअर बाजारात नोंदणी असलेल्या प्रत्येक कंपनीला, आपल्या प्रत्येक संचालकाचा मोबदला मधल्या कर्मचाऱ्याच्या पगाराच्या किती पट आहे, हे संचालक मंडळाच्या अहवालात जाहीर करावे लागते. त्या पटीला कायद्याने मर्यादा घातलेली नाही. फक्त ती छापायची आहे. ज्या घरांत शेअर आहेत, त्या घरांना हा अहवाल दरवर्षी मिळतो.