हेलिपॅड कायमचे हवे

हिंगोलीत हेलिकॉप्टर उतरते ते बहुधा सभेसाठी. धूळ उडू नये म्हणून मैदानावर टँकरने पाणी मारतात, चुन्याने गोल आखून मधे ‘एच’ काढतात, शेजारी अग्निशमन बंब उभा राहतो. पाहुणे गेले की तो चुना पावसात धुऊन जातो. हे हेलिपॅड आता कायमचे व्हावे आणि ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाजवळ असावे, अशी आमची मागणी आहे.

महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. तिथे हेलिपॅड हवे ते अवयवदानासाठी. अपघातात डोक्याला मार लागून मेंदू मृत झाला, पण व्हेंटिलेटरवर हृदय अजून चालू आहे, असा रुग्ण कोणत्याही जिल्ह्यात असू शकतो. त्याची किडनी शीतपेटीत जवळपास दिवसभर टिकते. ती रस्त्याने छत्रपती संभाजीनगरला नेता येते. हृदयाला मात्र चार ते सहा तासच मिळतात, आणि दुसऱ्या छातीत ते शिवण्याचा वेळही त्यातच धरायचा. मुंबई-पुण्याचा रस्ता एवढ्या वेळात संपत नाही. जवळचा विमानतळ नांदेडचा. हवाई अंतर सत्तर किलोमीटरच्या आत, म्हणजे हेलिकॉप्टरला वीस-पंचवीस मिनिटांचे. तिथून पुढे विमान.

हे स्वप्नरंजन नाही. जुलै २०२३ मध्ये नागपूरहून एका दात्याचे हृदय हवाई दलाच्या विमानाने सुमारे दीड तासात पुण्यात पोचले आणि लष्करी रुग्णालयात हवाई दलाच्याच एका जवानाला बसवले गेले. केरळ सरकारने पोलिसांसाठी भाड्याने घेतलेले हेलिकॉप्टर मे २०२० मध्ये, ऐन टाळेबंदीत, तिरुवनंतपुरमहून कोचीला हृदय घेऊन गेले. सरकारने ठरवले तर यंत्रणा मिळते.

पण वैमानिकाच्या हिमतीवर ही व्यवस्था उभी करू नये. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडात हृदय आणायला निघालेले हेलिकॉप्टर पहाटेच्या अंधारात कोसळले. वैमानिक, शल्यविशारद आणि तंत्रज्ञ, तिघेही गेले. दिसत नसतानाही उड्डाण चालू ठेवले गेले, असे तपासात निघाले. असे होऊ नये म्हणून तिकडच्या अनेक हवाई रुग्णवाहिका सेवांत रुग्ण कोण, किती गंभीर, हे वैमानिकाला आधी सांगत नाहीत. त्याने फक्त हवामान पाहून ठरवायचे, आणि तो नको म्हणाला तर कोणी गळ घालायची नाही. आपल्याकडेही हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. श्रावणातल्या ढगांत कोणाच्याही भावना वाट दाखवत नाहीत. वाट दाखवतात ते धावपट्टीसारखे लावलेले दिवे, वाऱ्याची दिशा सांगणारा कापडी मोजा आणि तारांपासून मोकळी ठेवलेली जागा. हे सारे जमिनीवरचे काम आहे, आणि आपल्या हातातले आहे.

त्याहून आधीचे काम रुग्णालयातले. मेंदूमृत्यू जाहीर करायला कायद्याने चार डॉक्टरांचे मंडळ लागते, आणि सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करावी लागते. जिथे प्रत्यारोपण होत नाही अशा रुग्णालयालाही अवयव काढण्यापुरती मान्यता घेता येते. ती मान्यता, सुसज्ज अतिदक्षता विभाग आणि नातेवाइकांशी धीराने बोलणारा समन्वयक, एवढे असल्याशिवाय हेलिकॉप्टरने उतरायचे तरी कशासाठी?

सेनगाव-कळमनुरीकडचे एखादे कुटुंब आपल्या माणसाच्या उशाशी बसून, आयुष्यातल्या सर्वांत वाईट रात्री, ‘द्या त्याचे हृदय’ असे म्हणेल. तेव्हा दिवे नव्हते, कागद नव्हता, म्हणून ते शब्द वाया गेले, असे त्यांना सांगण्याची वेळ आपल्यावर येऊ नये. जिल्हा नियोजनाच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा.