चालकाच्या शिक्षणाचा खर्च कोणाच्या माथी?

आमच्या शेजारचा एक तरुण गेले काही दिवस संध्याकाळी एक पुस्तिका घेऊन आमच्याकडे येतो. वय एकवीस, शिक्षण दहावीपर्यंत, हलके वाहन चालविण्याचा परवाना मिळून वर्ष उलटलेले. आता त्याला मालट्रक चालवावयाचा आहे, आणि त्यासाठी अवजड वाहनाचा शिकाऊ परवाना काढून मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालण्याची त्याची तयारी चालू आहे. पुस्तिकेतील चिन्हे त्याला पाठ आहेत. घाटात चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावयाची, हा नियमही तो न अडखळता सांगतो. परवा मात्र पुस्तिका मिटून त्याने विचारले, "सर, एवढ्या दिवसांत भरलेली गाडी घाटातून उतरवायला येईल का हो?" आणि थोड्या वेळाने, "फी तर माझ्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी आहे."

हे दोन प्रश्न वस्तुतः एकच आहेत. आपल्या देशात चालकाला शिकवावयाचे कोणी, आणि त्या शिक्षणाचा खर्च सोसावयाचा कोणी, या प्रश्नाकडे आजवर ना शासनाने गंभीरपणे पाहिले, ना मालवाहतुकीच्या धंद्याने.

कायदा काय म्हणतो ते प्रथम पाहू. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमानुसार वाहतुकीचे वाहन चालविण्यास वयाची वीस वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असल्याशिवाय अशा वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. तो सहा महिने चालतो. पुढे कायम परवान्यासाठी अर्ज करताना वैद्यकीय दाखल्याबरोबर मान्यताप्राप्त स्कूलचे प्रशिक्षण-प्रमाणपत्रही जोडावे लागते. २०२१ साली मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नवे नियम आले. त्यांत अवजड वाहनासाठी सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम ठरविण्यात आला. कागदावरील ही रचना वाईट नाही. परंतु या रचनेत शिकणाऱ्याच्या पोटाचा विचार कोठेही नाही. ते सहा आठवडे त्याने काय खावे, स्कूलची फी कोठून आणावी, घरी काय द्यावे, याविषयी अधिनियम आणि नियम दोन्ही मौन बाळगतात.

म्हणून बहुसंख्य चालक दुसऱ्या वाटेने येतात. ती वाट क्लीनरच्या जागेवरून जाते. पोरगा कोवळ्या वयात गाडीवर चढतो, ताडपत्री बांधतो, हवा तपासतो, टायर बदलतो, उस्तादाचा चहा आणतो, आणि रात्री रिकाम्या रस्त्यावर दोन-पाच मैल स्टेअरिंग हाती मिळाले की त्यालाच शिक्षण मानतो. या वर्षांत त्याला मिळतो तो बहुधा जेवणखर्च आणि मालकाच्या मर्जीवरचा भत्ता. पुढे परवाना काढण्याची वेळ आली की स्कूलचे प्रमाणपत्र स्कूलची पायरी न चढताही मिळण्याची सोय अनेक ठिकाणी असते, हे या क्षेत्रात वावरणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. याचा अर्थ एवढाच की शिक्षण एकीकडे होते आणि प्रमाणपत्र दुसरीकडे मिळते. दोहोंची किंमत मात्र तोच पोरगा मोजतो. एकाची वर्षांत, दुसऱ्याची रुपयांत.

१९६१ या एकाच वर्षी आपल्या संसदेने दोन कायदे केले. शिकाऊ उमेदवार अधिनियमाने कारखान्यात शिकणाऱ्या तरुणाला विद्यावेतन दिले. मोटार वाहतूक कामगार अधिनियमाने चालकाला दिवसाला आठ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा दिली. तथापि पाचांहून कमी कामगार ठेवणाऱ्या मालकाला तो अधिनियम आपोआप लागू नव्हता, आणि आपल्याकडील ट्रकमालक बहुतांशी एका-दोन गाड्यांचेच. अशा रीतीने कारखान्यातील शिकाऊ कायद्याच्या आत आला आणि रस्त्यावरील शिकाऊ बाहेर राहिला.

यावर प्रस्थापित अर्थशास्त्राचे उत्तर तयार आहे. गॅरी बेकर यांनी १९६४ साली 'मानवी भांडवला'ची जी मीमांसा मांडली, तीनुसार जे कौशल्य कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडते, त्याचा खर्च मालक करणार नाही. कारण शिकून तयार झालेला कामगार उद्या शेजारच्या मालकाकडे जाईल. सबब हा खर्च कामगारानेच, फी देऊन किंवा कमी वेतन घेऊन, सोसावा. मालकाच्या वर्तनाचे वर्णन म्हणून हे बरोबर आहे. धोरण म्हणून ते अपुरे आहे. कारण चालकाच्या कौशल्याचा लाभ चालक आणि मालक या दोघांपुरता राहत नाही. घाटाच्या उतारावर खालचा गिअर टाकून, इंजिनाच्या जोरावर गाडी रोखून धरणारा चालक समोरच्या एस.टी.तील पन्नास प्रवाशांचे प्राण राखीत असतो. पुण्याच्या नवले पुलाजवळील उतारावर नोव्हेंबर २०२२ मध्ये एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली, तेव्हा डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडण्याच्या सवयीची पुष्कळ चर्चा झाली. पण वाचलेल्या डिझेलवर चालकाची कमाई का अवलंबून असावी, याची चर्चा फारशी झाली नाही.

अमेरिकेत तरी हा प्रश्न सुटला आहे काय? तेथे शिकाऊ परवान्याच्या लेखी परीक्षेत ८० टक्के गुण लागतात, आणि तो परवाना चौदा दिवस जवळ बाळगल्याखेरीज प्रत्यक्ष चाचणी देता येत नाही. ७ फेब्रुवारी २०२२ पासून नोंदणीकृत संस्थेतील प्रशिक्षणही सक्तीचे झाले. मात्र किमान तास किती, हे त्या नियमांनी ठरविले नाही. ज्याच्याजवळ फीचे पैसे नाहीत त्याला मोठ्या वाहतूक कंपन्या 'मोफत' शिकवितात, आणि ठराविक काळ नोकरी केली नाही तर फी परत करण्याच्या करारावर त्याची सही घेतात. जानेवारी २०१९ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या एका खटल्यात चालकाचे म्हणणे असे होते, की शिकाऊ म्हणून पहिले दहा हजार मैल त्याला वेतन मिळालेच नाही, आणि पुढे कंपनीने त्याला 'स्वतंत्र कंत्राटदार' ठरविले. अशा चालकाला लवादाकडे जाण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे आपल्याकडे जे क्लीनरच्या वर्षांनी फेडले जाते ते तेथे कराराने फेडले जाते. देश बदलला, रस्ते रुंद झाले. खर्च ज्याच्या माथी होता त्याच्याच माथी राहिला.

आपल्या शासनाने चालकांच्या तुटवड्यावर योजिलेले उपाय या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. २०१८ साली राष्ट्रीय परवान्याच्या गाडीवरील दोन चालकांची अट काढण्यात आली. नवशिका जेथे बसून शिकू शकला असता ती जागाच त्यामुळे गेली. २०१९ साली, देशात सुमारे २२ लाख चालकांची उणीव आहे असे सांगून, आठवी उत्तीर्णतेची अट रद्द झाली. गरिबाच्या पोराला परवान्याचे दार उघडले, याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु अक्षरांची अट काढताना अक्षरे शिकविण्याची जबाबदारी कोणी घेतली? आणि २०२३ अखेरीस, अपघात करून पळणाऱ्यास दहा वर्षांपर्यंत कैदेची तरतूद नव्या न्यायसंहितेत आली. जानेवारी २०२४ च्या आरंभी चालकांनी चाके थांबविली, आणि १ जुलै २०२४ पासून संहिता लागू करताना ते उपकलम स्थगित ठेवावे लागले. शिक्षणाला सहा आठवडे आणि शिक्षेला दहा वर्षे, या प्रमाणातच शासनाची दृष्टी उघड होते.

छोटा ट्रकमालक स्वतःच कर्जात बुडालेला आहे, तो शिकाऊ पोराला वेतन कोठून देणार, असा आक्षेप येईल. तो खरा आहे. म्हणूनच हा भार एकेका मालकावर न टाकता संपूर्ण धंद्यावर टाकला पाहिजे. त्याचा मार्ग महाराष्ट्राला परका नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची मजुरी आणि तिच्यावरील लेव्ही मालकांकडून मंडळाकडे जमा करण्याची पद्धत याच राज्यात घातली. एकाच गाडीत माल चढविणाऱ्यासाठी मंडळ असावे आणि तो माल मुक्कामी पोचविणाऱ्यासाठी काहीच नसावे, याला तर्कसंगत कारण नाही. मालाच्या भाड्यावर अल्पशी लेव्ही बसवावी, ती माल पाठविणाऱ्या मोठ्या कंपन्यांकडून वसूल करावी, आणि तिच्यातून शिकाऊ चालकाची फी व विद्यावेतन द्यावे. शिकविण्याची जागाही नव्याने शोधावयास नको. १९४८ पासून रस्त्यावर असलेल्या एस.टी.ची सुमारे अडीचशे आगारे राज्यभर पसरली आहेत. तेथे कार्यशाळा आहेत आणि घाट उतरण्यात आयुष्य घालविलेले चालक आहेत. निवृत्तीनंतर त्यांना शिक्षक म्हणून बोलावण्यास अडचण कोणती?

शासन हे आपण होऊन करील, या भ्रमात कार्यकर्त्यांनी राहू नये. मागणी बांधावी लागेल, आणि ती बांधण्यासाठी आधी या तरुणांजवळ जावे लागेल. ट्रक टर्मिनलवर, बाजार समितीच्या आवारात, साखर कारखान्याच्या गाडीतळावर किती पोरे शिकत आहेत, त्यांना काय मिळते, किती जणांनी प्रमाणपत्रापुरतीच फी भरली, याची नोंद प्रत्येक तालुक्यात झाली पाहिजे. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारी बसवून पुस्तिका वाचून दाखवावी. हेही संघटनेचेच काम आहे.

आमच्या शेजारच्या तरुणाने अजून निश्चय केलेला नाही. एका ओळखीच्या मालकाने त्याला क्लीनर म्हणून गाडीवर बोलावले आहे. स्कूलमध्ये जावयाचे तर फीसाठी उसनवार करावी लागेल. उद्या संध्याकाळी तो पुन्हा येईल, आणि उताराच्या, गिअरच्या, भाराच्या प्रश्नांची उजळणी आम्ही करू. त्याच्या फीच्या प्रश्नाचे उत्तर मात्र एकट्या शिक्षकाजवळ नाही. ते आपण सर्वांनी मिळून मिळवावयाचे आहे.