जुने खेळ खरेच चांगले होते का?

“आमच्या लहानपणीचे आंबे याहून गोड होते,” असे वडीलधारी माणसे म्हणताना तुम्ही ऐकलेच असेल. व्हिडिओ गेमविषयी माझ्या पिढीचे अगदी तसेच आहे. १९९०च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जे स्वस्त यंत्र मिळे, ते बहुधा निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिकॉम’ची नक्कल असे. कॅसेटवर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे; आत मोजकेच खेळ पुन्हा पुन्हा येत. तरी आम्ही खूश! आता प्रश्न असा, की ते खेळ चांगले होते, की आमचे वय चांगले होते?

पदार्थविज्ञान शिकवणाऱ्याने नुसत्या आठवणीवर विसंबू नये. म्हणून मे महिन्याच्या सुटीत माळ्यावरचे यंत्र खाली काढले आणि नववीतल्या भाच्याबरोबर जुने व नवे खेळ पंधरा दिवस आलटूनपालटून खेळून पाहिले.

आधी थोडे मोजमाप. १९८५ सालचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा संपूर्ण खेळ ४० किलोबाइटमध्ये मावतो. आज मोबाइलने काढलेले एक छायाचित्रही याहून कितीतरी मोठे असते. जागा वाचवण्यासाठी त्यात ढग आणि झुडूप एकाच आकृतीचे केले आहेत. फरक फक्त रंगाचा! याउलट त्याच कंपनीचा २०१७ सालचा ‘झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ सुमारे १३ गिगाबाइटचा, म्हणजे तीन लाख पटींहून मोठा आहे. मग गंमतही तीन लाख पटींनी वाढली का?

ज्या रणगाड्यांच्या खेळापायी मी जेवण विसरत असे, तो अर्ध्या तासात कंटाळवाणा वाटला, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मारिओची गोष्ट मात्र निराळी. “किती बाळबोध चित्रं आहेत, मामा!” असे म्हणून भाचा बसला, तो दोन तास हलला नाही. याचे कारण मारिओच्या उडीत आहे. कळ जरा वेळ दाबून धरली की उडी उंच जाते, कारण वर जाताना कळ दाबलेली असेपर्यंत त्या जगातले गुरुत्वाकर्षण कमी ठेवलेले असते. हवेत असताना दिशाही बदलता येते. न्यूटनला हे मुळीच मान्य झाले नसते! परंतु हा नियम खेळभर बदलत नाही. तो बोटांना लवकरच उमगतो, आणि खड्ड्यात पडलो तर चूक आपली हे कळते. म्हणूनच पुन्हा प्रयत्न करावासा वाटतो.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्येही खरी मजा चित्रांत नाही. तेथे गवत पेटवले की तापलेली हवा वर जाते, आणि हातात कापडी पंख असेल तर ती आपल्यालाही उचलते. वादळात अंगावर धातूची तलवार असली तर वीज पडते. दोनदा वीज पडल्यावर भाच्याने आपण होऊन तलवार उतरवून ठेवली. हे नियम जमतात का, हे पाहण्यासाठी निर्मात्यांनी आधी जुन्या पद्धतीचा, साध्या सपाट चित्रांचा खेळ करून पाहिला होता.

तेव्हा जुने ते सोने असेही नाही आणि नवे ते सरस असेही नाही. नाणी टाकून खेळायच्या यंत्रांत खेळणारा लवकर हरावा हे मालकाच्या फायद्याचे असे; तीच खोड घरच्या कित्येक जुन्या खेळांतही उतरली. आजच्या काही खेळांत पैसे देऊन बंद पेटी घ्यावी लागते आणि आत काय निघेल ते नशिबावर असते. २०१८ साली बेल्जियमने अशा काही पेट्या जुगारात मोडतात असे ठरवले. माझ्या मते, जेथे कौशल्यापेक्षा पाकिटाचे वजन जास्त, तो खेळ नव्हेच. कोणताही खेळ पारखताना दोनच प्रश्न विचारा : याचे नियम मला शोधून काढता येतात का? आणि हरल्यावर माझे काय चुकले ते कळते का?

अर्थात, दोघांचा प्रयोग म्हणजे सिद्धान्त नव्हे. शिवाय माझी एक फजिती सांगायची राहिली. कॅसेट चालेना, की आम्ही तिच्यात फुंकर मारत असू. परवाही मी तेच केले आणि खेळ सुरू झाला. भाचा म्हणाला, “मामा, न फुंकता नुसती काढून परत लावून कधी पाहिलीस का?” आम्ही पाहिली. तशीही ती चालली! काढ-घाल करताना धातूच्या पट्ट्या घासल्या जातात, म्हणून जोडणी नीट होते. उलट तोंडच्या वाफेने त्या गंजण्याचाच संभव. वर्गात वर्षानुवर्षे ‘एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा’ असे सांगणाऱ्या मला हा साधा प्रयोग तीस वर्षांत सुचला नव्हता.